मिस स्पार्कची पट्टी

कागदावरून वाजवायचं नाही, असं विल्फ टॅटरसॉलने ब्रायनीला निक्षून सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना त्याने डावा डोळाही मिचकावला होता.

ब्रायनीने दोन्हींचा भलताच अर्थ लावला. सांगणं तिने म्हाताऱ्याची टकळी म्हणून कानाआड केलं. डोळ्याचं मात्र मनावर घेतलं आणि जाता जाता नर्सला सांगून ठेवलं, की सात नंबरच्या खोलीतल्या आजोबांच्या पापणीवर नजर ठेवा, अर्धांगवायूची सुरुवात अशीच होते. परिणाम एवढाच झाला, की विल्फचा रक्तदाब दिवसातून तीनदा मोजला जाऊ लागला आणि त्याची संध्याकाळची शेरी चार दिवस बंद झाली.

ब्रायनी तशी हुशार मुलगी. लीड्सला तीन वर्षं संगीत शिकलेली, पियानोवर हात बसलेला. पण नऊ महिन्यांपूर्वी नेल जन्मली आणि तेव्हापासून सगळं जग तिला धोक्यांची यादी वाटायला लागलं होतं. नेलने किती दूध घेतलं, किती वेळा शिंकली, डाव्या कुशीवर किती झोपली, सगळं तिच्या फोनमध्ये तारीखवार नोंदलेलं. विल्फच्या वृद्धाश्रमाच्या दारावर त्या दिवशी खोकल्याच्या साथीची पाटी होती. ती वाचून ब्रायनी नेलला पोटाशी बांधून, वरून शाल घेऊन, खोलीच्या उंबऱ्यावरच उभी राहिली. घड्याळ लावून अकरा मिनिटं. विल्फ म्हणत होता, आत ये, मिस स्पार्कचं गाणं मी तुला हातावर दाखवतो, तासाभराचं काम आहे. ब्रायनी म्हणत होती, पुढच्या आठवड्यात नक्की. पुढच्या आठवड्यात नेलला लस टोचायची होती, त्याच्या पुढच्या आठवड्यात लशीचा ताप आला, आणि तोवर कार्यक्रम ठरवणाऱ्या मॉरीनने तिला इंटरनेटवरून गाण्याचा छापील कागदच मागवून दिला. चौसष्ट सालचा, मूळ. संगीताची पदवी घेतलेल्या बाईला आणखी काय लागतं?

गाणं होतं ‘बुधवारी दुपारी’, आणि गाणारी होती मिस सेलिना स्पार्क.

मोरकम गावात मिस स्पार्क कोण, हे विचारावं लागत नाही. बेकरीच्या वर राहते, रोज अकरा वाजता ओठ रंगवून समुद्राकाठच्या रस्त्याला निघते, आणि कोणी ओळखलं नाही तर स्वतःहून थांबून हवेबद्दल विचारते, म्हणजे ओळखायला दुसरी संधी मिळते. जन्माने ती नेल्सन गावच्या कापड गिरणीतली मेव्हिस हिगिनबॉटम. सतराव्या वर्षी सुट्टीच्या छावणीत गाण्याच्या स्पर्धेला उभी राहिली. लंडनहून आलेल्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिचा आवाज ऐकला, नाव ऐकलं, आणि आवाज घेऊन नाव तिथेच सोडून दिलं. अठराव्या वर्षी ‘बुधवारी दुपारी’ आलं. दुकानात काम करणारी पोरगी, बुधवारी दुकान अर्ध्या दिवसाने बंद होतं, आणि तो कोपऱ्यावर वाट बघत असतो. बस, एवढंच गाणं. त्या काळी अख्ख्या देशातल्या दुकानांतल्या पोरींना बुधवारची अर्धी सुट्टी असायची, त्यामुळे ते खपाच्या यादीत नवव्या नंबरवर गेलं आणि दोन आठवडे तिथेच राहिलं.

दुसरी रेकॉर्ड तिच्या आईने घेतली. तिसरी आईनेही नाही.

दुसरी कोणी असती तर परत गिरणीत गेली असती. मिस स्पार्क नवव्या नंबरच्या जोरावर साठ वर्षं चालली. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या गावांमधले खेळ, हिवाळ्यात मुलांची नाताळची नाटकं. त्या नाटकांत तिचं आयुष्य नीट मोजता यायचं. पंचविशीत राजकन्या. तिशीत उंच बूट घालून, मांडीवर थाप मारत राजपुत्र, कारण या नाटकांतला राजपुत्र बाईच असते. पन्नाशीत परी. साठीत सावत्र आई. सत्तरीत चेटकीण, आणि चेटकिणीला पोरांनी हाय हाय केलं की ती इतकी खुलायची की मुद्दाम दोनदा स्टेजवर यायची. मध्ये जहाजांवर गायली, सुट्टीच्या छावण्यांत गायली, जुन्या गायकांच्या बसमधून गावोगाव फिरली. निरोपाचे दौरे तिने चार केले. पाचवा तिने केला नाही, कारण चौथ्यानंतर लोक हसायला लागले होते.

या सगळ्यात दोन गोष्टी कधी बदलल्या नाहीत. एक, पियानोवर विल्फ. दुसरी, तिची फुशारकी. प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक पोस्टरवर ती सांगायची की बाकीच्या सगळ्यांचे आवाज उतरले, आपण मात्र अजून चौसष्टच्याच पट्टीत गातो. आपल्या पेटीवर बोट ठेवून सांगायचं तर पांढरी सहा. त्यातला शेवटचा ‘ये ना’ एवढा वर जातो की चांगल्या तरण्याताठ्या पोरींची शीर तटतटून फुगावी.

साठ वर्षांत तिने एकही खेळ चुकवला नव्हता. तिचा नवरा डेनिस वारला त्या वर्षीसुद्धा नाही.

आणि यंदा साठ वर्षं झाली म्हणून चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी तिचा कार्यक्रम ठरला. ठरवला मॉरीनने. मॉरीन हॉलच्या चाव्या सांभाळते आणि त्या चाव्यांबरोबर सगळ्या गावालाही सांभाळते. विल्फ मनगट मोडून वृद्धाश्रमात पडलेला, तेव्हा पियानोला ब्रायनी. मॉरीनने विचारलं तेव्हा ब्रायनीने आधी नेलच्या दुपारच्या झोपेचं वेळापत्रक बघितलं आणि मग हो म्हटलं. खरं सांगायचं तर नऊ महिन्यांत कोणी तिला पहिल्यांदाच दुधाखेरीज काही मागत होतं.

मंगळवारी तालीम झाली. मिस स्पार्क जांभळा कोट घालून आली, नेलच्या गालाला हात लावू लागली, ब्रायनीचा चेहरा बघून हात मागे घेतला आणि म्हणाली, “विल्फकडे जाऊन आलीस ना गं?”

“हो,” ब्रायनी म्हणाली. गेली तर होतीच ती. अकरा मिनिटं का होईना.

“मग काळजी नाही.”

चष्मा लावणं मिस स्पार्कच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे पियानोवर कसला कागद उघडलाय हे तिला दिसलं नाही. ब्रायनीने सुरुवात केली. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला बाईंच्या कपाळावर घाम आला. मॉरीन मागे खुर्च्या मांडत होती, तीही थांबली. आणि शेवटचा ‘ये ना’ आला तेव्हा मिस स्पार्कचा आवाज वर चढायला निघाला, अर्ध्यात थबकला आणि फुटला. साधा नाही फुटला, थंडीत गाडी सुरू होताना खरवडते तसा. नेल दचकून रडायला लागली.

मिस स्पार्कने कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, एकेक. मग अगदी हळू म्हणाली, की विल्फच्या पट्टीतही येईना, म्हणजे संपलं. मॉरीनकडे वळून म्हणाली, “शनिवारचं रद्द कर. लोकांना सांग मला सर्दी झालीय.” आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

बुधवारी अकरा वाजता ती समुद्रकाठी दिसली नाही. गुरुवारीही नाही. बेकरीवालीने सांगितलं की वरून पावलांचा आवाज येतो, पण दूध दारातच आहे. हे ब्रायनीच्या कानावर आलं. आपण एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा साठ वर्षांचा आवाज एका दुपारात मारला, असं तिने मनाशी पक्कं केलं. कुठे चुकलं ते मात्र कळेना. कागद तिने पुन्हा तपासला. एकही सूर इकडचा तिकडे नव्हता. नेमकी तीच गोष्ट तिला टोचत राहिली, आणि तेव्हा कुठे विल्फचं बोलणं आठवलं.

गुरुवारी दुपारी ती वृद्धाश्रमात गेली. खोकल्याची पाटी अजून होती. ती क्षणभर पाटीसमोर उभी राहिली, नेलचं टोपडं नाकापर्यंत ओढलं, आणि आत शिरली.

विल्फ खिडकीशी होता. प्लॅस्टरमधला हात मांडीवर आणि दुसऱ्या हाताची बोटं खिडकीच्या कठड्यावर आपली आपण काहीतरी वाजवत होती. ब्रायनीने घडलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि ‘कागद’ शब्द आला तसे त्याने डोळे मिटले.

“पोरी,” तो म्हणाला, “तू तिला पांढरी सहामध्ये गायला लावलंस. तिने ती पट्टी एक्याऐंशी सालानंतर पाहिलेली नाही.”

मग त्याने सगळं सांगितलं. एक्याऐंशीत स्केगनेसला तिचा घसा बसला होता, आठवडाभर खेळ होते, तेव्हा त्याने तिला न सांगता एक पट्टी उतरवली. नुसती उतरवली नाही. सुरुवातीचे सूर त्याने एवढे लांबवले, एवढे नागमोडी फिरवले, की ते नेमके कुठे येऊन बसले हे देवालाही कळू नये. ती दणक्यात गायली. उतरून म्हणाली, बघितलंस, घसा बसलेला असूनही. झालं, मग तिला सांगायचं कसं? पुढे चौऱ्याण्णवमध्ये तिने सिगारेट सोडली तेव्हा आणखी एक. दोन हजार तीनमध्ये, ब्रिडलिंग्टनला, तिसरी. डेनिस वारला त्या वर्षी चौथी. आणि टाळेबंदीनंतर घराघरांतून लोक बाहेर आले तेव्हा पाचवी. पांढरी सहापासून पांढरी तीनपर्यंत, चाळीस वर्षांत पाच पायऱ्या, आणि तिला एकीचाही पत्ता नाही. सांगताना विल्फच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता, पण त्याच्या कडेने थोडा अभिमानही डोकावत होता.

“मग त्या दिवशी हे स्पष्ट का नाही सांगितलंत?” ब्रायनीने विचारलं.

“मेव्हिस न्हाणीघरात होती. माझी रात्रीची पँट धुवत होती. दार उघडं, नळ कधी बंद होईल नेम नाही. डोळा मारला की मी तुला.”

ब्रायनी लाल झाली. शेरीचं प्रकरण त्याला कळलंय की नाही, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

विल्फने तिच्याकडून वचन घेतलं. मेव्हिसला जाऊन सांग की चूक तुझी होती, तू भलत्याच पट्टीत वाजवलंस. पण पट्ट्या उतरवल्याचं अवाक्षर काढायचं नाही. बाकी काही नाही गं, तो म्हणाला, त्या फुशारकीवर ती बाई उभी आहे. ती काढून घेतली तर खाली काही नाही.

ब्रायनीने वचन दिलं, आणि खरंच पाळायच्या इराद्याने दिलं. मग बाजारातून लोणी घातलेल्या कोळंबीची वाटी घेतली, बेकरीतून पाव घेतला, आणि नेलला पोटाशी घेऊन जिना चढली. दार उघडायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात तिने रुग्णवाहिकेचा नंबर दोनदा फोनवर काढून ठेवला होता.

मिस स्पार्कने ओठ रंगवले नव्हते. त्यामुळे ती कोणी वेगळीच दिसत होती, गिरणीतल्या कुणाची तरी आई असावी तशी. कोळंबीकडे बघून म्हणाली, “कोणी मेलंय का?”

ब्रायनीने जिन्यावर पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. की ती विल्फकडे गेली होती पण शिकली नव्हती. की नेलला ताप होता. की तिने छापील कागदावरून वाजवलं. की आवाजात काही बिघाड नाही, बिघाड तिच्या वाजवण्यात होता.

मिस स्पार्क खाली बसली. पावाची कागदी पिशवी उघडून परत बंद केली.

“छापील कागद,” ती म्हणाली. “चौसष्टचा? म्हणजे परवा मी पांढरी सहात गायले?”

“हो.”

“आणि कुठवर पोचले होते?”

“शेवटच्या ‘ये’पर्यंत. ‘ना’ राहिला.”

बाईच्या चेहऱ्यावर रंग परत आला, तो बघण्यासारखा होता. तिने कोळंबीची वाटी पुढे ओढली, पावावर जाड थर लावला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चाळीस वर्षांनी, तालमीशिवाय, पहिल्या झटक्यात ‘ये’पर्यंत पोचले. कोण पोचतं? आणि मग बोट नाचवत म्हणाली, “पण तू तरी काय मुलगी आहेस. नेहमीपेक्षा तीन पट्ट्या वर चढवून वाजवलंस म्हातारीला.”

आता इथे ब्रायनीने गप्प बसायला हवं होतं. पण परीक्षेत शेजारच्या मुलीचं उत्तरही दुरुस्त करून देणारी मुलगी होती ती.

“पाच,” ती म्हणाली.

पाव हवेतच थांबला.

“तीन,” मिस स्पार्क म्हणाली. “स्केगनेस, सिगारेट, ब्रिडलिंग्टन. मला काय कान नाहीत? तो बापडा सुरुवातीला एवढी वळणं घ्यायचा की प्रेक्षक कोट काढून बसायचे. मी म्हटलं, करू दे, त्याला वाटतंय मला कळत नाही, तेवढंच त्याला सुख. तीन.”

ब्रायनीचा चेहरा बोलायचं ते बोलून गेला. नेलने पावाचा तुकडा पळवला आणि पहिल्यांदाच तिच्या आईने तो कुठून आला हे बघितलं नाही.

“उरलेल्या दोन कधी केल्या त्या लबाडाने?” मिस स्पार्कचा आवाज चढला. चाळीस वर्षं आपण त्याला फसवतोय अशी तिची समजूत, आणि तोच दोन पायऱ्या पुढे. चोराला पकडलंय म्हणून गालात हसत असताना आपल्याच खिशातली पिशवी गायब व्हावी, तसं तिचं झालं होतं. साठ वर्षांची भागीदारी मोडीत काढायच्या तयारीने तिने विचारलं, “सांग.”

ब्रायनीने मान खाली घालून सांगितलं. पाचवी, टाळेबंदीनंतर. आणि चौथी, डेनिस गेले त्या वर्षी.

मिस स्पार्क उठून खिडकीशी गेली. खाली ओहोटी लागली होती, चिखलाचं मैदान पार पलीकडच्या डोंगरांपर्यंत उघडं पडलं होतं.

“त्या वर्षी मी गायले होते?” तिने विचारलं.

“विल्फ म्हणाले, छत्तीस खेळ केलेत.”

“मला एकही आठवत नाही.” मग काचेकडेच तोंड ठेवून: “मला वाटायचं, त्या वर्षी आवाजाने तेवढी साथ दिली. बाकी सगळं गेलं, पण आवाज टिकला.”

ब्रायनीने नेलला उचललं आणि जाऊन बाईंच्या हातात दिलं. हात धुतलेत का, हे विचारलं नाही. नेलने मिस स्पार्कच्या मण्यांच्या माळेला हात घातला आणि तोंडात घातली.

शेवटी बाई वळली. नाक पुसलं, आणि व्यवहाराला लागली. शनिवार रद्द नाही, मॉरीनला सांगायचं सर्दी बरी झाली. विल्फला चाकाच्या खुर्चीतून आणायचं, पहिल्या रांगेत. “आणि सहावी पट्टी मी उतरवणार. मी. काळी दोन. त्याला आधी सांगायचं नाही. बसू दे ऐकत. तेवढी वळणं तुला जमतील ना?”

ब्रायनी म्हणाली, जमतील. आणि मग तिने घरी जाऊन रात्रीचं जेवण करपवलं, कारण डोक्यात वळणंच वळणं होती.

शनिवारी हॉल भरला. मागच्या रांगेत तर चर्चमधली लहान मुलांची बाकं आणून लावावी लागली. मॉरीनने चहाचे कप भांडण झाल्यासारखे वाजवले आणि मिस स्पार्क रुपेरी पोशाखात आली, ओठ असे रंगवलेले की बंदरातल्या जहाजांना वाट दिसावी. नेहमीचं सगळं म्हणाली. गिरणी, छावणी, नववा नंबर. आणि चौसष्टचीच पट्टी, हेही म्हणालीच. फुशारकीत तिने अर्धा शब्दसुद्धा कमी केला नाही.

ब्रायनीने सुरुवात केली. नागमोडी, लांब, तीनदा उतरतेय असं वाटावं आणि दोनदा चढावी. विल्फ पहिल्या रांगेत मान हलवत होता, पोरगी शिकली म्हणून खूश. सूर काळी दोनवर येऊन बसले आणि त्याची मान थांबली. त्याने ब्रायनीकडे पाहिलं. तिने पियानोकडे पाहिलं. मग त्याने स्टेजकडे पाहिलं. मिस सेलिना स्पार्क थेट त्याच्याकडेच बघत होती. आणि तिने डावा डोळा सावकाश मिटून उघडला.

विल्फने प्लॅस्टरचा हात तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय, ते ब्रायनीला शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटचा ‘ये ना’ खालच्या पट्टीत, अगदी घरातल्या घरात कुणाला हाक मारावी तसा आला, आणि हॉलमधल्या सत्तरीच्या पोरी बुधवारी दुपारी दुकान बंद करून उठल्यासारख्या उभ्या राहिल्या.

त्यानंतर दोघं बोलत नाहीत. म्हणजे मेव्हिस रोज दोन वाजता वृद्धाश्रमात जाते, त्याच्या शेजारी बसते, आणि चौथ्या पट्टीबद्दल तो माफी मागेल याची वाट बघते. तो म्हणतो, माफी कसली, आभार मान. असं तास दीड तास चालतं आणि मग ती त्याचे कपडे धुवायला घेऊन जाते.

हे ब्रायनी स्वतः बघून यायची. पण गेल्या सोमवारपासून नेलच्या अंगावर कांजिण्या उठल्यात, फोनमध्ये एकशे चौदा फोडांची नोंद झालीय, आणि पंधरा दिवस तरी तिला वृद्धाश्रमाच्या वाऱ्यालाही उभं करणार नाहीत. दोन दिवस झाले, विल्फ फोन उचलत नाही. नर्स म्हणते, ठीक आहेत. नर्स असं सगळ्यांबद्दलच म्हणते. तेव्हा ब्रायनीची एवढी विनंती आहे: तुम्ही त्या बाजूने जाणार असाल तर दोनच्या सुमाराला जा. रस्त्यावरूनच दिसते ती खिडकी, तळमजल्यावरची तिसरी. शेजारच्या खुर्चीत जांभळा कोट आहे का बघा, आणि कठड्यावर त्याची बोटं हलतायत का ते बघा. आत गेलात तर मात्र त्याला डोळा मिचकावू देऊ नका, नर्सचं लक्ष असतं. आणि काय दिसलं ते तिला कळवा, कितीही वाजले असले तरी. ती जागीच असते.